साखर नको, शुगर आहे

हनुमान टेकडी उतरलो की आमचा सकाळचा कंपू एका अमृततुल्यासमोर थांबतो. तिथल्या चहात साखर आधीच पडलेली असते, आणि सढळ हाताने पडलेली असते. म्हणून कप भरायला लागायच्या आत माझी मावशी हात वर करते, "माझा वेगळा हं! साखर नको, शुगर आहे मला."

हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा डोक्यात आलं की मावशी एकच शब्द दोनदा म्हणते. पहिला इथेच घरात राहून झिजला. दुसरा इराण, अरबस्तान, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड असा फिरून आपल्याकडे परत आला. आता पहिला डब्यात असतो आणि दुसरा लॅबच्या रिपोर्टात. घरच्यांनी एकमेकांना ओळखायचंसुद्धा सोडून दिलंय.

मी हे मोठ्याने बोललो, तिथेच चुकलो. शेजारी अण्णा बसले होते. अण्णा निवृत्त इंजिनिअर. निवृत्त इंजिनिअरला पुण्यात टेकडी आणि व्युत्पत्ती हे दोन नाद लागतातच. ऑस्ट्रेलिया म्हणजे 'अस्त्रालय' हे त्यांनी आम्हाला पूर्वीच सिद्ध करून दिलंय. (तो शब्द 'दक्षिणेकडचा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय, पण अण्णांना ते कोण सांगणार.) ते लगेच म्हणाले, "सोपं आहे. शुगर म्हणजे शुभ्र गर. उसाचा शुभ्र गर. इंग्रजांनी उचलला."

आता गंमत अशी की अण्णांचं उत्तर जवळजवळ बरोबर आहे. शब्द मूळचा आपल्याकडचाच. फक्त पायऱ्या सगळ्या चुकल्यात, आणि गणिताप्रमाणे इथेही मार्क पायऱ्यांनाच असतात.

शब्दाचं मूळ शोधणं हे सातबारा काढण्यासारखं काम आहे. "जमीन आमच्या पणजोबांची, नाव बघा ना सारखं आहे" एवढ्यावर तलाठी ऐकत नाही. पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून चुलत्यांकडे, प्रत्येक वेळचा फेरफार दाखवावा लागतो. शब्दाचेही फेरफार असतात. उच्चार एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कसा बदलला, तो बदल त्या भाषेच्या बाकीच्या शब्दांतही दिसतो का, कोणत्या सालच्या कोणत्या लिखाणात तो सापडतो, आणि ती वस्तू खरोखर त्या वाटेने गेली का. शुभ्र गर हा शब्द साखरेसाठी कोणत्या पोथीत आलाय, असं विचारलं की अण्णा चहाचा घोट घेतात.

आपण उलट्या दिशेने जाऊ. उत्तर इंग्लंडात डरहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या मठाच्या १२९९ सालच्या हिशेबात साखरेच्या खरेदीची नोंद आहे, आणि तिथे शब्द आहे 'झुकर'. ही नोंद मोरोक्कोच्या साखरेची आहे. त्या काळी तिकडे साखर मिरी-सुंठेच्या पंगतीत बसायची. ती चिमूटभर वापरायची, जपून ठेवायची आणि बरीचशी औषधात घालायची. इंग्रजांना शब्द मिळाला तो मुख्यतः फ्रेंचांकडून. फ्रेंच 'सुक्र', त्याच्या मागे इटालियन 'झुक्केरो' आणि मध्ययुगीन लॅटिन 'सुक्कारुम', आणि या सगळ्यांच्या मागे अरबी 'सुक्कर'.

इटलीची वाट कशावरून? स्पेनवरही अरबांचं राज्य होतं, तिथेही ऊस होता. मग शब्द स्पेनमधून वर गेला नसेल हे कसं कळलं? याचं उत्तर एका 'आ'मध्ये आहे. अरबीत नामाच्या आधी 'अल्' लावतात. आल्जिब्रा आणि अल्कोहोल यांच्या पुढ्यात बसलेला 'अल' तोच. पुढे स आला की या अल् चा 'अस्' होतो, म्हणून अल् अधिक सुक्कर म्हणजे 'अस्सुक्कर'. स्पेन-पोर्तुगालच्या लोकांनी शब्द ऐकला तसाच्या तसा, अस्तरासकट उचलला. स्पॅनिशमध्ये साखरेला आजही 'आसूकार' म्हणतात. इटालियन, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी या चौघांकडेही तो 'आ' नाही. म्हणजे या चौघांनी माल वेगळ्या दुकानातून आणला. अरबांनी ऊस सिसिलीतही नेऊन लावला होता आणि साखरेच्या व्यापारात इटलीची बंदरं पुढे होती, तेव्हा वाट जुळते. एवढीशी मात्रा, पण कोर्टात टिकेल असा पुरावा आहे.

अरबांनी शब्द घेतला फारसीतून. फारसीत साखरेला 'शकर' म्हणतात. हा शकर मराठीच्या फराळात बसलाय. शकर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा, आणि शकरपारा म्हणजे साखरेचा तुकडा. तो आपल्याकडे आला, आपल्या कानाला शकर ओळखीचा वाटेना, शंकर मात्र ओळखीचा होता, म्हणून आपण त्याची शंकरपाळी केली. महादेवाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. अण्णांना मी हे मुद्दाम सांगितलं. 'शुभ्र गर' जुळवणारी बुद्धी नवी नाही, तिने शब्दांची तोंडंसुद्धा बदलून ठेवलीत.

यावर अण्णा म्हणाले, "ते राहू दे. शर्करा आणि शुगर, दोन्हीकडे श आहे की नाही? मग मधे हे अरब कशाला आणता?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण फसगत नेमकी इथेच होते. संस्कृत शर्करेत श आहे. फारसी शकरमध्ये श आहे. पण अरबीत जाताना त्याचा स झाला. लॅटिन, इटालियन आणि फ्रेंचमध्ये श नाहीच. इंग्रजीत शब्द आला तेव्हा तिथेही श नव्हता, 'सुग्र' असं काहीसं म्हणत. आज शुगरमध्ये जो श ऐकू येतो तो इंग्लंडात, साधारण सतराव्या शतकात, नव्याने तयार झाला. आपला श अरबस्तानातच संपला होता. हा दुसराच.

तो कसा तयार झाला ते कळायला इंग्रजी लागत नाही. म्हैस म्हणा. आता अनेकवचन करा, म्हशी. स कुठे गेला? पुढे ई आली आणि जीभ आधीच टाळूकडे सरकली, स चा श झाला. घूस आणि घुशीचंही तेच. इंग्रजांनी फ्रेंचांकडून आलेल्या 'उ'चा उच्चार 'इउ'सारखा केला, म्हणजे स च्या पुढे एक बारीकशी इ आली. सिउगर, स्यूगर, शुगर. नंतर ती इ गळून गेली आणि श मागे राहिला. 'शुअर' या शब्दातही हेच झालं. स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं, म्हणून शाळेत पोरं विचारतात की एच नसताना शुगर कसं म्हणायचं. आणि मधल्या क चा ग? मकरची मगर होते, प्रकटचं प्रगट होतं. मऊ स्वरांच्या मधे सापडलेला क अनेक भाषांत असा ढिला पडतो.

थोडं थांबून एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर सगळं वाहून जाईल. इंग्रजी आणि संस्कृत शब्द सारखे दिसण्याची तीन कारणं असू शकतात. एक म्हणजे भावकी. दोन्ही भाषा एका फार जुन्या भाषेतून फुटल्या, त्यामुळे काही शब्द दोघींकडे वारशाने आले. पितृ आणि फादर, पाद आणि फुट, दश आणि टेन. इथे कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने १८२२ साली या वारशातले ध्वनी कसे नियमाने बदलतात ते मांडलं. संस्कृतातल्या प च्या जागी इंग्रजीत फ, द च्या जागी ट. आणि अशा शब्दांत संस्कृतात श असेल तिथे इंग्रजीत ह सापडतो. शत आणि हंड्रेड, श्वन् म्हणजे कुत्रा आणि हाउंड, शृंग आणि हॉर्न.

आता शर्करेला हा नियम लावून बघा. शुगर जर भावकीतला शब्द असता तर तो ह ने सुरू झाला असता! अण्णांना जो श पुरावा वाटत होता तोच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. शुगर ही भावकी नाही, ती दुसऱ्या प्रकारातली, उसनवारी आहे. माल गेला, मालाबरोबर नाव गेलं.

तिसरं कारण म्हणजे निव्वळ योगायोग. आपल्या बदनाम, बदमाशमधला फारसी 'बद' म्हणजे वाईट, आणि इंग्रजी बॅड म्हणजेही वाईट. ध्वनी तोच, अर्थ तोच, आणि नातं शून्य. दोघांचे जुने कागद काढले तर ते वेगवेगळ्या गावांना जातात. असं उदाहरण खिशात असलं की कट्ट्यावर बरं पडतं.

आता शब्दाच्या माहेरी येऊ. शर्करा म्हणजे मुळात साखर नव्हेच. शर्करा म्हणजे खडे, बारीक खडी, रेव. वैदिक ग्रंथांत तो याच अर्थाने येतो. सुश्रुतसंहितेत लघवीतून जाणाऱ्या बारीक खड्यांना शर्करा म्हटलंय, म्हणजे आपण ज्याला मुतखडा म्हणतो त्याच्या जवळची गोष्ट. गोड पदार्थाला खडीचं नाव का पडावं, हे मला आमच्या फडताळात कळलं. कोल्हापूरहून आणलेली काकवीची बाटली मागे राहून गेली होती. काही महिन्यांनी उघडली तर वर काळसर पातळ रस आणि तळाला चमचा टोचेना असा थर. चमच्याने खरवडलं तर कर्र असा आवाज झाला. दाताखाली धरलं तर वाळू, आणि मग एकदम गोड. ज्याने उसाचा रस आटवून पहिल्यांदा असे दाणे पाहिले त्याने दुसरं काय नाव दिलं असतं?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाची यादी आहे. तिच्यात उसाच्या पदार्थांची रांग लागते, ती अशी: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. पातळापासून सुरुवात आणि शेवटी स्वच्छ दाणेदार. मधल्या मत्स्यण्डिकेचा अर्थ माशाच्या अंड्यांसारखी रवाळ साखर असा लावतात. गुऱ्हाळावर एक तास उभं राहिलेल्या माणसाला ही रांग वाचताना कढई दिसते.

मराठीत आपण 'खडीसाखर' म्हणतो. साखरेचाच मूळ अर्थ खडी, तेव्हा आपण म्हणतो खडीखडी. गोल सर्कलसारखंच झालं ते.

शर्करेची साखर झाली ती प्राकृतातून. र्क मधला र पुढच्या अक्षरात विरघळला आणि अक्षर जोड झालं, नंतर जोडही सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. कर्म, कम्म, काम. सर्प, सप्प, साप. तशीच शर्करा, सक्खरा, साखर. आजोळची ही वाट रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ सालच्या विल्सन व्याख्यानांत शब्दामागून शब्द घेऊन दाखवली होती. पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली ती नंतर, १९१७ साली.

पण या वाटेवर एक ख उगवलाय. शर्करेत ख नाही. पालीत मात्र 'सक्खरा' आहे, ख सकट, आणि मराठी साखरेतही तो आहे. आता ग्रीक बघा. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की भारतात आणि अरबस्तानात बोरूंमध्ये एक घट्ट मध मिळतो, मिठासारखा दिसतो, दाताखाली मिठासारखा फुटतो, त्याचं नाव 'साक्खारोन'. पुन्हा ख! म्हणजे ग्रीकांनी हा शब्द पंडितांच्या तोंडून घेतला नाही, बंदरावरच्या बोलीतून घेतला, आणि ती बोली आपल्या साखरेच्या बाजूची होती. त्याच शतकातलं एका ग्रीक व्यापाऱ्याचं समुद्रमार्गांचं टिपण आहे. त्यात भडोचकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल यांच्या जोडीला 'साक्खारी नावाचा बोरूचा मध' आहे. रोमन लेखक प्लिनी तर म्हणतो की ही वस्तू अरबस्तानातही होते, पण भारतातली जास्त नावाजलेली, आणि तिचा उपयोग फक्त औषधापुरता.

ग्रीकांचा तो शब्द पुढे रशियनांकडे गेला. रशियनमध्ये साखरेला 'साखर' म्हणतात. रशियात डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आमच्या भाच्याला पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये समजलेला हा एकमेव शब्द. ख थोडा घशातून घासून म्हणायचा, बाकी काही शिकावं लागत नाही.

म्हणजे एकाच शर्करेच्या दोन वाटा झाल्या. ग्रीक-लॅटिनची जुनी वाट, ख ची. आणि फारसी-अरबीची नंतरची, क ची. इंग्रजीत दोन्ही पोचल्या आणि तिसरीही पोचली. केरळात मल्याळममध्ये 'चक्कर' म्हणजे गूळ, तोही शर्करेचाच वंशज. पोर्तुगीजांनी त्याचं 'जागरा' केलं, इंग्रजांनी जॅगरी. तेव्हा शुगर सोडून 'ऑरगॅनिक जॅगरी' दामदुपटीने घरी आणणारे लोक निदान शब्दापुरते जिथल्या तिथेच आहेत. अर्थशास्त्रातला शेजारचा खण्डही मागे राहिला नाही. तो फारसीत कंद झाला, अरबीतून फ्रेंचात 'सुक्र कांदी' आणि इंग्रजीत शुगर कँडी, मग नुसती कँडी. गुलकंदातला कंद तोच, जमिनीखालचा नव्हे. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर.

हिंदीतली चीनी आणि मिश्री या मात्र वेगळ्याच तऱ्हेच्या. त्या नावांत चीन आणि मिस्र म्हणजे इजिप्त आहे, पण त्यावरून साखर तिथे जन्मली असं कुणी मानू नये. बाजारात नवा प्रकार आला की लोक गावाचं नाव चिकटवतात.

हे सगळे फेरफार जिथे नोंदले जातात ती जागा आपल्या येरवड्यात आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा एक महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत लावलेल्या आहेत. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणत्या ग्रंथात कोणत्या ओळीत आला ते वाक्य, आणि त्यावरून कालक्रमाने अर्थांची रांग लावायची. शब्द आधी खडी होता आणि मग गोड झाला, हे ठामपणे सांगता येतं ते असल्या कामामुळे. कामाचा आवाका एवढा की पहिला खंड १९७६ साली निघाला आणि इतक्या खंडांनंतरही छपाई 'अ' मध्येच आहे. श ची पाळी यायला किती वेळ लागेल याचा हिशेब अण्णांनी लगेच टिश्यू पेपरवर मांडला, इंजिनिअरच ते. आकडा बघून त्यांनीच कागद चुरगाळला.

शिवाजीनगरवरून जाताना साखर संकुल लागतं. तिथे साखर आयुक्तांचं कार्यालय आहे. त्या हुद्द्याचं मराठी नाव आणि इंग्रजी नाव लागोपाठ म्हणून बघा, साखर आणि शुगर शेजारी शेजारी येतात, मावशीच्या वाक्यासारखेच.

आमचे चहा आले. मावशीचा वेगळा कप आला. तिने पर्समधून गोळ्यांची चपटी डबी काढली, अंगठ्याने दाबली, टिक टिक, दोन गोळ्या चहात. अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डबीवरची बारीक अक्षरं वाचली. सॅकरिन. १८७९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत काम करून आलेल्या कॉन्स्टंटिन फालबर्गच्या हाताला जेवताना गोड चव लागली, त्यातून सापडलेलं रसायन. साखरेच्या काहीशे पट गोड, आणि नाव ठेवलं ते साखरेच्या ग्रीक-लॅटिन नावावरून.

"म्हणजे यात साखर नाही, साखरेचं नाव आहे?" अण्णा म्हणाले.

"हो."

"आणि ते नाव मूळचं खडीचं."

"हो."

मावशीने चमचा फिरवला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडवट लागतंय आज. अण्णा, तुमच्यातला एक घोट द्या बघू."